पोटमाळ्यावर नमू

"अर्धा-पाऊण तास गं, नमू. सर आले, बघितलं, गेले, की लगेच उतरवते तुला. तोवर आवाज नको," प्रिती म्हणाली आणि पोटमाळ्याचं प्लायवूडचं दार तिने खस्सकन सरकवून बंद केलं. खाली उतरली, लोखंडी शिडी उचलली आणि बाहेर पॅसेजमध्ये नेऊन उभी केली. शिडी आत दिसली की माणूस विचारणारच, वर काय आहे म्हणून. शिडीच नाही, तर प्रश्नच नाही. एवढ्या घाईतही तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. वाटू दे. त्या हुशारीचे पुढे जे धिंडवडे निघाले, ते बघायला अख्खी चाळ खाली उतरली होती.

नमू म्हणजे नम्रता, प्रितीची धाकटी नणंद. परळच्या या चाळीत तळमजल्यावरच्या टोकाच्या खोलीत प्रितीने नेल सलून काढलं होतं, पण ते चालत होतं नमूच्या हातावर. नखं घासायला आणि रंग लावायला काय, कोणीही शिकतं. नमू एवढ्याशा नखावर चाफ्याचं फूल काढायची आणि गिऱ्हाईक ते पुसायला देता देत नसे. समोर गिरणीच्या जागेवर काचेचा टॉवर झाला, तिथल्या ऑफिसातल्या मुली लंच टाइमला यायला लागल्या, त्यासुद्धा नमूचं नाव विचारत. त्यातल्याच एका लतिका मॅडमने बातमी आणली. टॉवरमध्ये बायकांसाठी एक अख्खा मजला काढतायत. पाळणाघर, जिम आणि एक छोटं नेल सलून. "मी तुमचं नाव दिलंय. फक्त आमचे सेफ्टीवाले शंतनु सर एकदा येऊन बघतील. केमिकलचं काम आहे ना," मॅडम म्हणाल्या होत्या.

तिथेच तर सगळी गोची होती.

ॲक्रिलिकची नखं करायला एक पावडर लागते आणि एक लिक्विड. नखांसाठीचं लिक्विड वेगळं येतं. प्रिती मात्र गिरगावातल्या दातांच्या सामानाच्या दुकानातून आणायची, कवळ्या बनवायला वापरतात ते. झटकन सुकतं, कडक होतं, महिनाभर नख जागचं हलत नाही. लाइनमधल्या कितीतरी बायका हेच वापरतात, असं ती स्वतःला सांगायची. मोठी तपकिरी काचेची बाटली आणायची आणि नखांच्या कंपनीच्या छोट्या बाटलीत ओतून ठेवायची. वास म्हणाल तर डोळ्यांतून पाणी काढणारा. वरच्या मजल्यावरच्या रमाबाईंनी त्यावरून कडाक्याचं भांडण काढलं, तेव्हा प्रितीने भिंतीतला एक्झॉस्ट पंखा बंद करून त्यावर प्लायवूड ठोकलं. म्हणजे वास रमाबाईंच्या घरात जायचा थांबला आणि नमूच्या छातीत जायला लागला.

नमूच्या बोटांना आधी खाज आली. मग पाण्याचे फोड आले, मग कातडी सोलून भेगा पडल्या. दिवाळीनंतर दम लागायला लागला. ॲक्रिलिकचं एक काम संपलं की पोरगी मोरीत जाऊन खोकत बसायची. डॉक्टरांकडे प्रितीच घेऊन गेली होती, तिच्यासमोरच डॉक्टर म्हणाले होते, "हिला या लिक्विडची ॲलर्जी झालीय. लांब ठेवा. नाहीतर एक दिवस असा दम लागेल की स्प्रे मारून भागणार नाही." प्रितीने मान डोलावली होती. नमूही म्हणाली, वहिनी, टॉवरचं होईपर्यंत रेटू या, मग बघू. आणि सासूबाईंना, कमळाबाईंना, दोघींनी मिळून सांगितलं, की भांड्याच्या साबणाने हात उललेत.

आज सकाळी प्रितीच्या नवऱ्याने, अजितने, कामावर जायच्या आधी ते प्लायवूड काढून पंखा चालू करून दिला. आगीचा लाल सिलिंडर भिंतीवर लागला. झाकणाचा कचऱ्याचा डबा आला, ग्लोव्ह्जचा नवा खोका आला. दडवण्यासारख्या दोनच गोष्टी उरल्या, ती तपकिरी बाटली आणि नमूचे हात. नमूने बाटली पिशवीत घालायची आणि वरळीला मावशीकडे जाऊन बसायचं, असं ठरलं होतं. कमळाबाईंना तसं सांगूनही झालं. प्रिती शेवटची छोटी बाटली भरत होती, तेवढ्यात लतिका मॅडमचा फोन. "आलो हां, गेटमधून आत शिरतोय." चाळीला बाहेर पडायचा रस्ता एकच आणि मॅडम नमूला चांगल्या ओळखणाऱ्या. प्रितीने तपकिरी बाटलीचं झाकण कसंबसं टेकवलं, बाटली नमूच्या हातात दिली आणि दोघींना, नमूला आणि बाटलीला, एकाच पोटमाळ्यावर चढवलं.

शंतनु सर चष्मेवाले, सडपातळ, बोलायला अगदी मऊ. चपला बाहेर काढून आत आले. पंख्यासमोर कागदाचा कपटा धरून हवा ओढतोय का बघितलं. सिलिंडरची तारीख वाचली. डब्याचं झाकण उघडून बंद केलं.

"छान ठेवलंय, प्रितीताई," ते म्हणाले. "ग्लोव्ह्ज किती वेळाने बदलता?"

"प्रत्येक कामाला नवीन, सर." हे अगदीच खोटं नव्हतं. आजपासून तसंच होणार होतं.

"आणि इथे कोण कोण काम करतं?"

"मी आणि माझी नणंद."

"अरे हो, नम्रता कुठाय?" लतिका मॅडम खुर्चीत बसत म्हणाल्या. "मला वाटलं, आज माझी नखं तीच करणार."

"वरळीला गेलीय, मावशीकडे," दारातून चहाचा ट्रे घेऊन आत येत कमळाबाई म्हणाल्या. सून सांगते ते खरंच, असं मानणारी बाई. "सकाळीच गेली. जय भीम साहेब, घ्या, चहा घ्या."

सरांना काम कसं चालतं ते बघायचं होतं. प्रिती मॅडमसमोर बसली. ब्रश छोट्या बाटलीत बुडवला, पावडरीत टेकवला, ओला गोळा नखावर ठेवला. मनगट टेबलावर दाबून धरलं. आणि वरून खोकला आला. बारका, दाबलेला, एकच.

प्रितीचा पाय आपोआप मशीनच्या पॅडलवर गेला. घासायचं मशीन घर्रर्र करून फिरायला लागलं.

"अजून सुकलं नाही ना ते?" मॅडम म्हणाल्या.

"कडा जरा साफ करते, मॅडम."

पुन्हा खोकला. पुन्हा मशीन. सर भिंतीवरची सूचना वाचत होते, त्यांना काही कळलं नसावं. कमळाबाईंनी मात्र एकदा छताकडे पाहिलं. प्रितीने मान आणखी खाली घातली. गप बस गं बाई, ती मनातल्या मनात म्हणत होती, थोडा वेळ, तुझ्या पाया पडते, थोडाच वेळ.

मग वर काहीतरी धाडकन पडलं आणि फळ्यांवरून घरंगळत गेलं.

"उंदीर," प्रिती म्हणाली. "जुनी चाळ आहे, सर."

"मोठा दिसतोय," सर हसून म्हणाले. प्रितीही हसली. ते हसणं तिच्या तोंडावर असतानाच पोटमाळ्याच्या दोन फळ्यांमधून एक थेंब सुटला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर पडला. मग दुसरा पडला. काय पडलंय ते तिला एका श्वासात कळलं. तो वास ती झोपेतही ओळखली असती. आपण झाकण लावलंच नव्हतं धड. अंधारात नमूचा पाय लागला असणार. आता ते सगळं तिच्या भोवती पसरलं असणार, त्या बंद खोक्यात, जिथे ना खिडकी ना पंखा.

सर वळले. "हा वास एकदम कुठून आला? तुमची बाटली तर एवढीशी आहे."

"पंखा जुना आहे ना सर, कधी कधी उलटा मारतो." काय बोलतोय आपण, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

वर आता खोकला राहिला नव्हता. शीळ होती. आत जाताना शीळ, बाहेर येताना शीळ, मध्ये फळीवर नखं घासल्यासारखा आवाज. प्रितीने पाय पॅडलवर दाबून धरला. मशीन नुसतंच हवेत फिरत होतं. उठायला हवं होतं. उठली नाही. मॅडमचं एक नख अर्धं राहिलं होतं, ते तिने पूर्ण केलं. कडा नीट केली. तिला वाटलं, एवढं झालं की सर निघतील आणि आपण धावत जाऊ. टॉवर गेला तर नमू पुन्हा याच खोलीत कुजणार, म्हणजे हे तिच्याच भल्यासाठी चाललंय, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. माणसाचं मन असल्या वेळी काय काय पुरवतं! मग तिने पाय काढला, मशीन थांबलं, आणि वरून काहीच ऐकू आलं नाही. शीळही नाही.

"अगं बाई, काय घाण वास सुटलाय हा! साहेबांपुढे शोभतं का?" कमळाबाई उठल्या. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली छोटी फळी, फळीवर मेणबत्ती आणि उदबत्त्यांचा पुडा. लिक्विड भडकन पेट घेतं, सलूनमध्ये काही पेटवायचं नाही, असं प्रितीनेच त्यांना सांगून ठेवलं होतं आणि एरवी त्या पाळतही होत्या. पण आज घरात मोठा माणूस आलेला आणि खोली नासलेली. त्यांनी काड्यापेटी उघडली. "थांबा साहेब, उदबत्ती लावते, आत्ता जाईल वास."

फळी पोटमाळ्याच्या बरोबर खाली होती. थेंब त्यांच्या पदरावर पडत होते.

"आई!" प्रिती किंचाळली. खुर्ची मागे उलटली. "काडी ओढू नका! नमू वर आहे!"

कमळाबाई काडी पेटीला टेकवून तशाच थांबल्या. "वर? कुठे वर? ती तर वरळीला..."

प्रितीने झेप घेऊन काड्यापेटी हिसकावली. काड्या जमिनीभर सांडल्या. शंतनु सर आता मऊ राहिले नव्हते. "कुठल्याही बटणाला हात लावू नका. लतिका, आजींना घेऊन बाहेर हो. प्रितीताई, शिडी कुठाय? शिडी!"

प्रिती पॅसेजमध्ये धावली. शिडी नव्हती. चाळीत पॅसेजमध्ये ठेवलेली शिडी सगळ्यांची असते, हे तिला लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. कोणाला बल्ब बदलायचा असतो, कोणाला माळ्यावरचा हंडा काढायचा असतो, विचारायची पद्धतच नाही. "शिडी कोणी नेली रे? अरे शिडी द्या माझी! माझी नणंद मरतेय!" ती जिन्याखाली उभी राहून अशी ओरडली की दारं उघडायला लागली. वरच्या मजल्यावरून गौतम, केबल ओढत होता तो, "मी घेतली वहिनी, आणतो, आणतो" म्हणत निघाला, पण लांब शिडी वळणाच्या जिन्यात अडकली.

प्रिती परत फिरली. बाटल्या, ब्रश, दिवे, सगळं हाताने लोटून दिलं आणि टेबलावर चढली. सरांनी तिचा पाय खांद्यावर घेतला. दार सरकवलं तर वासाचा असा लोट अंगावर आला की तिचे डोळे मिटले. आत हात घालून चाचपलं. केस लागले. मग खांदा.

"नमू! नमू गं! ए नमू!"

दोघांनी मिळून तिला ओढून खाली घेतलं. सलवार-कुडता ओलाचिंब. ओठ जांभळे. आणि तोंडात ओढणी कोंबलेली, बोळा करून, घट्ट. खोकला ऐकू जाऊ नये म्हणून पोरीने स्वतःच कोंबली होती. प्रितीने ती ओढून काढली तेव्हा कमळाबाई दारात उभ्या होत्या आणि बघत होत्या.

अंगणात आणल्यावर रमाबाई धावत आल्या, त्याच भांडणाऱ्या रमाबाई. त्यांनी चादर आडवी धरायला लावली, नमूचे ओले कपडे उतरवले, बादलीभर पाणी अंगावर ओतलं आणि स्वतःची साडी गुंडाळली. नमूची छाती आतल्या आत खेचली जात होती. हवा जेमतेम जात होती, पण जात होती. गौतमने टॅक्सी अडवली. परळात निदान इस्पितळ लांब नसतं.

कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टरीणबाईंनी नमूच्या तोंडावर मास्क चढवला, सुई लावली आणि मान न वळवताच विचारलं, "काय होतं? नाव सांगा केमिकलचं."

प्रितीच्या तोंडून छोट्या बाटलीवरच्या कंपनीचं नाव गेलं. इतके दिवस गिऱ्हाइकांना सांगून सांगून ते जिभेवर बसलं होतं. बाई लिहायला लागल्या. सर शेजारीच उभे होते. ते प्रितीकडे बघत राहिले.

"नाही, नाही मॅडम, खोडा ते," प्रिती म्हणाली. "खोटं सांगितलं मी. कवळ्या करायचं लिक्विड आहे ते. दातांच्या दुकानातलं. हिला त्याची ॲलर्जी आहे, डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. मला माहीत होतं. तरी मीच तिला त्याच्यासोबत वर कोंडलं."

ती हे मोठ्याने बोलली, कारण हळू बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. मागे कमळाबाई होत्या, हे तिला नंतर कळलं.

बाहेर बाकावर सर तिच्यापासून जरा अंतर ठेवून बसले. म्हणाले, "आजारी माणूस लपवायची गरज नव्हती, ताई. असं बघितलं की आम्ही लिक्विड बदलायला सांगतो आणि त्या मुलीला ॲक्रिलिकपासून दूर, दुसरं काम द्यायला सांगतो. महिन्याने परत येऊन बघतो. एवढंच असतं. तुमचा पंखा चांगला ओढत होता." मग चष्मा पुसत म्हणाले, "आता मात्र मला सगळंच लिहावं लागेल." प्रितीने मान हलवली. त्या भल्या माणसाचा राग येईल तर बरं, असं तिला वाटत होतं, पण तोही येत नव्हता.

संध्याकाळी नमूचा श्वास जरा सुरळीत झाला तेव्हा सासू-सुनेला आत सोडलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जीव वाचला. पण ही ॲलर्जी आता जन्माची. हे काम पुन्हा कधी करायचं नाही. दातात फिलिंग करताना, उद्या म्हातारपणी गुडघ्याचं ऑपरेशन करताना, प्रत्येक डॉक्टरला आधी सांगायचं, कारण तिथेही याच जातीचं सामान वापरतात. कमळाबाई खाटेच्या कडेला बसून ऐकत होत्या. त्यांनी लेकीचा हात मांडीवर घेतला होता आणि एकेक बोट उलटंसुलटं करून बघत होत्या. भेगा, सोललेली टोकं, नखांखालची सूज. घरात रोज डोळ्यांसमोर असलेले हात.

"साबणाने होतं का गं असं?" त्या म्हणाल्या.

नमूने डोळे उघडले. प्रितीला बघून तिने मास्क जरासा खाली ओढला.

"वहिनी, काम मिळालं ना आपल्याला?"

प्रितीला वाटलं होतं, ती शिव्या देईल, तोंड फिरवेल. तिने त्याची तयारी केली होती. या प्रश्नाची केली नव्हती.

"नाही गं, नमू."

नमूचे डोळे भरून आले. "माझ्यामुळे ना? अंधारात पाय लागला गं बाटलीला. दार ठोठावणार होते, पण म्हटलं, तुझी सगळी मेहनत वाया जाईल..." पुढचं खोकल्यात गेलं.

"तुझ्यामुळे नाही गं, माझ्यामुळे! ऐकत होते मी सगळं, खाली बसून ऐकत होते!" प्रिती हुंदके देत खाटेपाशी खाली बसली आणि नमूच्या पायांना हात लावायला गेली.

कमळाबाईंनी तिचा हात बाजूला केला. जोरात नाही, ताटावरची माशी वारावी तेवढाच. नमूच्या तोंडावर मास्क पुन्हा नीट बसवला, इलॅस्टिक कानामागे सरळ केलं, डोक्यावरून हात फिरवला.

"रडवू नकोस तिला, दम लागतो," त्या प्रितीकडे न बघता म्हणाल्या. "तू जा बाहेर. माझ्या मुलीचं मी बघते."

प्रिती या घरात आली तेव्हापासून कमळाबाई कोणालाही सांगायच्या, मला दोन मुली आहेत. ती उठली, डोळे पुसले आणि बाहेर जाऊन उभी राहिली.